मार्गदर्शक दादा हवा, पण वेळापत्रकासह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. तेव्हापासून कृष्णवर्णीय अमेरिकनांचा लढा आणि त्यांची कविता मराठी वाचकाला परकी राहिलेली नाही. मात्र त्या समाजातली तरुण मुले कॉलेजात एकमेकांना कशी सांभाळून नेतात, पहिल्या वर्षातली गळती कशी थोपवतात, याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. आज आपल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत ‘मेंटॉर-मेंटी’चा, म्हणजे मार्गदर्शक आणि त्याच्याकडे सोपवलेल्या विद्यार्थ्यांचा, रकाना भरलेला असतो. म्हणून हे थोडे तपशिलात सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठापासून करावी लागेल. १९७० च्या दशकात तिथे युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाला दिसले की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने नापास होतात. प्राध्यापकांकडे कारणे तयार होती: शाळेचा पाया कच्चा, घरची गरिबी, घरात शिक्षणाचे वातावरण नाही, मुलांना जिद्द नाही. ट्राइसमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे राहून ती अभ्यास कसा करतात ते पाहिले. यातले एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले सांगितलेला अभ्यास इमानाने करत होती, आठवड्याला सुमारे आठ तास, पण एकेकटी. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कुणाहीबरोबर कधीच अभ्यासाला बसत नव्हते. चिनी मुले सुमारे चौदा तास देत. त्यातला काही वेळ ती एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. आपण वर्गाच्या किती मागे आहोत हे एकट्याने बसणाऱ्याला पेपर हातात आल्यावरच कळत होते.

त्यावरचा उपाय ‘कच्च्या मुलांचा जादा तास’ असा नव्हता, आणि आमच्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. ट्राइसमनने गटाने गणिते सोडवण्याचे वर्कशॉप सुरू केले. तिथे येणे हा मान समजला जाई आणि गणिते वर्गातल्यापेक्षा अवघड दिली जात. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन तास, एका टेबलाभोवती पाच ते सात जण. आधी प्रत्येकाने आपल्या वहीत डोके चालवायचे, मग बोलायचे. वर्कशॉप चालवणारा टेबलांमधून फिरतो, पण खडू हातात घेत नाही. कुणी अडला तर उत्तर सांगत नाही, ‘शेजाऱ्याला तुझी दुसरी पायरी समजावून सांग’ म्हणतो. समजावताना पायरी कुठे निसटली ते त्या मुलालाच सापडते. वर्कशॉपमधल्या मुलांचे नापास होणे झपाट्याने कमी झाले.

मेरीलँडमधल्या यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी) या विद्यापीठाने ही गोष्ट वसतिगृहापर्यंत नेली. फ्रीमन ह्राबोव्स्की हे गणितज्ञ (१९६३ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला वंशभेदाविरुद्ध निघालेल्या मुलांच्या मोर्चात बाराव्या वर्षी तुरुंगात गेलेले) आणि देणगीदार रॉबर्ट मायरहॉफ यांनी १९८८ मध्ये मायरहॉफ स्कॉलर्स योजना सुरू केली. १९८९ ची पहिली तुकडी एकोणीस कृष्णवर्णीय मुलग्यांची होती. पुढच्याच वर्षी मुली आल्या. कॉलेज उघडण्याआधी उन्हाळ्यात सहा आठवडे सगळे एकत्र राहतात, गणित शिकतात, वेळ पाळण्याचे कडक नियम अंगवळणी पाडतात. सत्र सुरू होऊन वर्गात पाऊल ठेवताना प्रत्येकाजवळ हक्काने दार ठोठावावे असे बरेच जण असतात. पायाभूत विषयात ‘सी’ ही मधली श्रेणी आली तर पुढे ढकलत नाहीत, तो विषय पुन्हा घ्यायला सांगतात.

आता थोरल्या भावाच्या, म्हणजे धाकट्यांना सांभाळणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थ्याच्या (दादाच्या) भूमिकेविषयी. एका वरिष्ठ विद्यार्थ्याकडे चार-पाच धाकट्यांहून जास्त देऊ नयेत. आठवड्याला एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या जागी, पाऊण तास. भेटीत तीन गोष्टी निघायलाच हव्यात: या आठवड्यात किती गुण मिळाले, पुढच्या दोन आठवड्यांत काय सादर करायचे आहे, आणि पैशाचे काय अडले आहे. ‘कसं चाललंय?’ असे विचारले की ‘ठीक आहे’ हेच उत्तर येते. ‘चाचणीचा पेपर दाखव’ म्हटले की खरे बोलणे सुरू होते. पहिली चाचणी साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात होते. त्यानंतरच्या दोन दिवसांत भेट झालीच पाहिजे, कारण तिकडे घेतलेला विषय सोडून देण्याची मुदत जवळ आलेली असते आणि ती हुकली की नापासाचा शिक्का गुणपत्रिकेवर कायमचा बसतो. प्राध्यापकाला भेटायला पाठवतानाही नुसते ‘जा’ म्हणून भागत नाही. आपल्याविषयी आधीच काही ग्रह असेल या धास्तीने हा मुलगा दारातून परत फिरतो. पहिल्या वेळी दादाने बरोबर जावे आणि विचारायचा प्रश्न आधी कागदावर लिहून घ्यावा.

बिघडते कुठे? पहिले म्हणजे पैशात. मुलगा हुशार असतो, उत्तीर्णही असतो, पण थोडी फी थकल्यामुळे त्याची पुढच्या सत्राची नोंदणी अडकते. तो कुणाला न सांगता घरी जातो आणि परत येत नाही. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून अशा मुलांना हजार डॉलरच्या आतबाहेरची छोटी मदत द्यायला सुरुवात केली. तिथे थकबाकीची यादी विद्यापीठच काढते आणि मुलाने अर्ज करण्याची वाट न पाहता पैसे खात्यात भरते. लाज वाटणारा मुलगा अर्ज करत नाही हे ज्याने ओळखले त्यानेच ही पद्धत बसवली असणार.

दुसरा बिघाड दादांचा. उत्साहाने आलेले वरिष्ठ ऑक्टोबर संपेपर्यंत दिसेनासे होतात, कारण ते स्वतःही नोकरी करून शिकत असतात. या कामाचे तासावर मानधन द्यावे लागते आणि दादांचीही पंधरवड्याला एक बैठक घ्यावी लागते. दादा म्हणजे समुपदेशक नव्हे. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कानावर आले तर गुपित राखायचे नाही, त्याच दिवशी जाणकाराकडे न्यायचे, हे पहिल्याच बैठकीत दादा आणि धाकटा दोघांनाही स्पष्ट सांगितलेले असावे.

तिसरा बिघाड सर्वांत वेदनादायक आहे. अल्फा फाय अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची बंधुसंघटना १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात जन्मली, ती गोऱ्यांच्या विद्यापीठात एकाकी पडलेल्या मुलांना आधार म्हणून. मार्टिन ल्यूथर किंग तिचे सदस्य होते. एकाच वेळी प्रवेश मिळालेले ‘लाइन ब्रदर’ आयुष्यभर एकमेकांच्या लग्नाकार्याला आणि मौतीला उभे राहतात. पण याच परंपरेत प्रवेशापूर्वी नवख्यांना छळण्याची, मारण्याची रीत शिरली. १९९० मध्ये अशा कृष्णवर्णीय बंधुसंघटनांनी ती जुनी प्रवेशपद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी मारहाण चोरून चालूच राहिली. २०११ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या बँडमधला एक विद्यार्थी अशाच मारहाणीत दगावला. ‘आम्ही सोसले, तू सोस’ या नात्याला बंधुत्व म्हणता येत नाही. त्याच १९९० साली जॉर्जियातल्या एका कॉलेजात स्टुडंट आफ्रिकन अमेरिकन ब्रदरहूड निघाली. तिथे अभ्यास आणि एकमेकांची जबाबदारी हाच पाया.

अलीकडे या सगळ्यावर कायद्याचा दाब आला आहे. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे थांबवले. टेक्सासने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालये (वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचे काम पाहणारी) बंद केली. मायरहॉफ योजना मात्र १९९६ पासूनच सर्व वंशांच्या मुलांना खुली आहे. उन्हाळी वर्ग, एकत्र निवास, गटाने अभ्यास हा साचा त्यांनी हलू दिला नाही.

अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजात किंग शिकत असताना अध्यक्ष होते बेंजामिन मेज. तेच मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. तिकडचे शिक्षक आपल्याकडे शिकायला आले. आपणही त्यांच्याकडून काही घ्यायला हरकत नाही.

आमची मागणी लहान आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि ग्रामीण महाविद्यालयांत येत्या जूनपासून मंगळवारी व गुरुवारी सायंकाळी सहा ते आठ एक खोली उघडी ठेवावी. त्यात मोठी टेबले, फळा, आणि प्रथम वर्षाच्या गणित, इंग्रजी किंवा अकाउंट्सच्या अवघड प्रश्नांचे कागद असावेत. पाच मुलांमागे तृतीय वर्षाचा एक दादा किंवा ताई, तासाचे मानधन ठरवून. जात वैधता प्रमाणपत्र, महाडीबीटीवरचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा) अर्ज आणि स्वाधार या सरकारी योजनेची रक्कम कुणाची कुठे अडली आहे, याची यादी दर पंधरा दिवसांनी मुलांकडून न मागवता कार्यालयाने स्वतः काढावी. मेंटॉर-मेंटीच्या रजिस्टरमध्ये नुसत्या सह्या नकोत, त्या आठवड्याचे गुण लिहिलेले असावेत.

आपले,
प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसोबत काम करणारे काही शिक्षक