संध्याकाळी काय करतोस रे?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, संध्याकाळी काय करतोस रे हल्ली, आणि मी म्हणलं काही नाही रे, मस्त चाललंय, वेळ कसा जातो कळत नाही. आणि लगेच तुमच्या न्यू जर्सीत उन्हाळा कसाय विचारून विषय बदलला. थाप होती रे ती. वेळ कसा जातो ते मला मिनिटामिनिटाने कळतं. पण हे फोनवर बोलता येत नाही, आणि माझे साडेसात म्हणजे तुझे सकाळचे दहा, तू मीटिंगमध्ये अडकलेला असतोस, म्हणून लिहितोय. लांबण लागणारे, चहा घेऊन बस.

रात्रीचं काही नाही बघ. सगळ्यांना वाटतं एकट्या माणसाला रात्र खायला उठते, पण रात्री मी मेल्यासारखा झोपतो. सकाळी घाई असते. घोळ आहे तो सात ते नऊचा. अकरा वर्षं मी खिशात किल्ली असून बेल वाजवून घरात आलोय, अजूनही हात आधी बेलकडेच जातो आणि मग मी दारात उभा राहून सगळे खिसे चाचपत बसतो. आत अंधार. आणि नेमक्या त्याच वेळेला अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, खालच्या मजल्यावर लसणाची फोडणी पडते, पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं आयांच्या हाका ऐकून एकेक करून वर जातात. डिसेंबरात तर सहालाच अंधार, तेव्हा संध्याकाळ केवढी मोठी व्हायची. मी सातला जेवून आठला झोपायचा प्रयोग पण केला, पहाटे तीनला टक्क जागा.

कोर्टाचं तुला तुकड्यातुकड्यात माहितीये. परस्पर संमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 ब. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायला लावतात, कुणाचं मन बदललं तर बदलू दे म्हणून. आमचे वकील म्हणाले 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हे सहा महिने माफ करून मागता येतात, टाकू का अर्ज? तर आम्ही दोघंही एकदम "नको" म्हणालो. का म्हणालो ते विचारू नकोस, मला माहीत नाही, आणि तिलाही नसेल. सहा महिने गेले, मन काही बदललं नाही. नोव्हेंबरात शिवाजीनगरला शेवटची तारीख, दहा मिनिटांत सगळं आटोपलं, बाहेर येऊन दोघांनी टपरीवर चहा घेतला. माझ्या फोनची बॅटरी मेलेली, पाकिटात पाचशेची एकच नोट, टपरीवाला सुट्ट्यावरून कटकट करायला लागला तर तिने पर्समधून वीस रुपये काढून दिले. मग ती एका रिक्षात, मी दुसऱ्या. ते वीस रुपये द्यायचे राहिलेत. यूपीआयने पाठवावेत असं दोन-तीनदा मनात आलं, पण पाठवले तर तिला काय वाटेल आणि नाही पाठवले तर काय, ह्यातच एक अख्खी संध्याकाळ गेली. म्हणजे बघ, अशा पण भरतात संध्याकाळी.

सुरुवातीला सगळे करतात ते सगळं केलं. रोज बाहेरून मागवलं, महिन्याभरात ॲसिडिटीने छाती जळायला लागली. जिम लावली, नऊ दिवस गेलो, पैसे वर्षाचे भरलेत. ऑफिसातल्या पोरांबरोबर दोन शुक्रवार बसलो, पण दहा वाजले की एकेकाला घरून फोन यायला लागतात, शेवटी मी आणि बिल. मग म्हातोबा टेकडी. ती मात्र आवडली, वर गेलं की कोथरूड सगळं खेळण्यातलं दिसतं आणि वारा चांगला असतो. पण टेकडीचं काये, अंधार पडायला लागला की खाली उतरावंच लागतं, म्हणजे घामाघूम होऊन तू पुन्हा बरोब्बर सात वाजता आपल्याच दारात. आता तर पाऊस सुरू झालाय, चिखलात कोण जातंय.

एक फायद्याची गोष्ट सांगतो, नाटकाला एकट्याने जावं. पहिल्यांदा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या खिडकीवर "किती?" म्हणून विचारलं आणि मी "एक" म्हणलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या माझ्या, उगाच, त्या माणसाने मान वर करून बघितलं पण नाही. पण त्याने दिली तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची. जोड्यांच्या मधे एकेक खुर्ची सुटलेली असते ना, ती कुणालाच नको असते. लग्नाच्या अकरा वर्षांत इतक्या पुढे बसून एकही नाटक बघितलं नव्हतं. इंटरव्हलला तेवढी पंचाईत होते, बटाटेवडा हातात धरून कुठे बघायचं कळत नाही. मी जाहिरातींचे बोर्ड वाचतो.

आता आईचं. आई साताऱ्याहून रोज सातला फोन करते आणि पहिला प्रश्न, "दिवा लावलास का?" मी सोफ्यावर बूट न काढता पडलेलो असायचो आणि म्हणायचो हो. तीन महिने रोज हो. एक दिवस म्हणाली, कशात लावतोस? म्हणलं निरांजनात. वात कुठली घेतोस? मी आपलं ठोकून दिलं, लांब वात. पलीकडे शांतता. मग नुसतं "बरं" म्हणाली आणि भाजीचं विचारायला लागली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की लांब वात समईला, निरांजनाला फुलवात. पंचाहत्तरीची म्हातारी, तिने वातीवरून पकडलं लेका! दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलवातींचं पाकीट आणलं. देवावर माझा किती विश्वास आहे ते तुला माहितीये, पण रोज आईशी खोटं बोलण्यापेक्षा काडी ओढणं सोपं आहे. आणि खरं सांगू का, कपाटाच्या काचेत ती ज्योत हलताना दिसली की खोलीत काहीतरी जिवंत आहे असं वाटतं.

आणि दही. हसू नकोस.

आमच्याकडे दही कधी विकत आणलंच नाही, बायको रोज रात्री विरजण लावायची, मूळ विरजण तिच्या आईकडचं, लग्नानंतर डबीत घालून एसटीने आणलेलं. ती गेली तेव्हा फ्रीजमध्ये एक वाटी राहिली होती. मी ती खाल्ली. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की अकरा वर्षं रोज पुढे चालत आलेलं काहीतरी मी साखर घालून संपवून टाकलं. बाहेरचं दही आणून लावता आलं असतं, पण मला उगाच इरेला पेटल्यासारखं झालं. कुठेतरी वाचलं की कोमट दुधात सुक्या लाल मिरचीची देठं टाकली तरी दही लागतं. लागतं खरं, पण पहिलं जे निघालं ते तार सुटलेलं, चिकट. त्याचंच परत लावायचं असतं म्हणे, माझा धीर सुटला. मग वाटी घेऊन समोरच्या काकूंकडे गेलो, रात्री आठ वाजता. काकू दारात म्हणाल्या, "आत्ता नको रे, दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत. सकाळी ये." मी रिकामी वाटी घेऊन वळलो तर म्हणाल्या, "जातोस कुठे, बस की." त्यांना पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा होता, नोव्हेंबर संपत आलेला, मुलगा परदेशात, फोनवरून चेहरा दाखवून होतं हे ऐकलेलं पण जमत नव्हतं. मी तासभर त्यांना "काकू, डोळे मिचकावा, काकू, आता हलू नका" करत बसलो. घरी आलो तर साडेनऊ वाजून गेलेले. बायको गेल्यापासूनची ती पहिली संध्याकाळ, जिच्यात मी घड्याळ बघितलं नव्हतं.

तेव्हापासून रोज लावतो. अर्ध्या लिटरची पिशवी तापवायची, मग निवू द्यायची, बोट बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, चटका बसला तर थांबायचं. जास्त गरम दुधात विरजण घातलं तर नासल्यासारखं फुटतं, गार झाल्यावर घातलं तर सकाळी दूधच. जानेवारीत थंडी पडली तेव्हा चार दिवस लागेचना, काकू म्हणाल्या टॉवेलात गुंडाळ आणि तांदळाच्या डब्यात खोचून ठेव. ठेवलं. सकाळी डबा उघडून पातेलं तिरकं केलं, हललं नाही! मी एकटाच स्वयंपाकघरात "आयला" म्हणून ओरडलो. ह्याचं एक बरं असतं, ते उद्याचं असतं. आज आठला घाई करून भागत नाही आणि विसरूनही चालत नाही. एकट्याला रोज एवढं दही संपत नाही हे खरं, ताक करतो, कढी करतो, कढी फुटू नये म्हणून बेसन आधी लावायचं असतं हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

सगळं छान झालंय असं समजू नकोस. गेल्या रविवारी पाऊस धो धो, लाईट गेलेली, आणि मी दोन माणसांचा भात लावून बसलो. माप हातात बसलंय, त्याला कोण काय करणार. बराच वेळ कुकरकडे बघत नुसता बसलो होतो. असे दिवस येतात. त्यांच्यावर उपाय मला सापडलेला नाही, सापडला की कळवीन.

पण काल गंमत झाली. तिसऱ्या मजल्यावर एक पोरगा भाड्याने आलाय, नुकता नोकरीला लागलेला, रात्री आठला बेल वाजली, दारात हा, हातात स्टीलची वाटी. काकूंनीच पाठवलेलं, म्हणाल्या म्हणे समोर माग, त्याच्याकडे चांगलं लागतं. आणि मी काय म्हणावं? "आत्ता नको, दिवे लागलेत. सकाळी ये." त्याचा चेहरा असा पडला की मला हसूच आलं. म्हणलं जातोस कुठे, बस की. कांदा चिरायला लावला त्याला. चिरता येत नाही रे अजिबात, सालासकट.

डिसेंबरात येशील तेव्हा माझ्याकडेच उतर, हॉटेल वगैरे बुक करू नकोस, आणि ते वीस रुपये पाठवायचे का नाही ते एकदा सांगून टाक.

चल, दूध निवत आलंय, आठपर्यंत बोट ठेवता येतंय.

तुझा,
मी