कुंडलिकाकाठचा मुक्काम : निघण्यापूर्वी वाचा

सभासदहो, शनिवारी कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठी झाडीत मुक्काम आहे. तंबू वरच्या सपाटीवरच लावायचे, पाण्यालगत अजिबात नाही. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटलं की पाऊस नसतानाही नदी चढते. रात्री कोरडे दिसलेले दगड सकाळी पाण्याखाली असतात. मुलांना एकटं काठावर सोडू नका, ही कळकळीची विनंती.

वाळक्या फांदीखाली तंबू नको. गर्द सावली छानच, पण पहाटे पानांवरून दव टपटपतं, तेव्हा तंबूवर टाकायला ताडपत्री घ्याच. भांडी नदीत घासायची नाहीत. बादलीने पाणी आणून लांब धुवा. चूल ठरल्या जागीच. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता, राख ढवळा, धग उरली नाही ना ते बघा.

रेल्वेने कोलाडला उतरणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं.