मटणाच्या डब्यातली मटकी

कोल्हापूर,
रविवार, रात्री अकरा

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पाडव्यापासून तुझे तीन फोन उचलले नाहीत, त्याबद्दल शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. हे फोनवर बोलण्यासारखं नाही. आमच्या भिंती तुला ठाऊक आहेत; मी इकडं खोकलो की मामी पलीकडून हळद-दूध सुचवतात. तब्येत बरी. शुगर काठावर, गुडघा होता तिथंच.

तर मर्दा, मी मटण सोडलंय. थांब, हसू नकोस, यादी पुढं आहे. अंडी, मासे, दूध, दही, तूपसुद्धा. फेब्रुवारीत कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि नेमकी पोरगी बंगळूरहून आलेली. म्हणाली, सहा महिने जमिनीतनं आणि झाडावरनं येतं तेवढंच खाऊन दाखवा. मी रागानं पैज घेतली. आता चार महिने होतील. सौ. आणि पोरगी सोडून कुणाला पत्ता नाही. आता तुला.

रविवारी नेहमीसारखाच बाहेर पडतो. हातात तोच कडीचा स्टीलचा डबा, तू सायकलवरनं पाडून चेंबवलेला. फक्त मटणाच्या दुकानाशी न वळता सरळ लक्ष्मीपुरी. आधी धान्याची दुकानं, नाचणी, हावरी, जवस, हुलगे, मग माळवं. आपण इतकी वर्षं बाजार म्हणजे आलं, लसूण, कोथिंबीर, नारळ एवढाच धरून चाललो लेका. बाकीचा वाटेत लागायचा म्हणून दिसायचा. आता मी पेंडी हातात घेऊन बघतो. पोकळ्याचा देठ कट्‌कन मोडला तर आजचा, नुसता वाकला तर कालचा. वांगी जवारी, देठाला काटे असलेली. ढबू मिरचीकडं बघतसुद्धा नाही, तिची आणि माझी तुझ्या लग्नापासून दुश्मनी आहे.

या आठवड्यात कुर्डू आली होती. पहिला पाऊस पडला की डोंगराकडच्या बायका घेऊन येतात, पोत्यावर वाटे मांडून बसतात. एक म्हातारी म्हणाली, "कवळी हाय तवर खावा, तुरा आला की मग गुरास्नी." मी दोन वाटे घेतले. तिनं माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं, पाल्याकडं बघितलं आणि म्हणाली, "डबा मटणाचा आन् घेताय पाला. मालकीणबाई म्हायेरी गेल्यात व्हय?"

त्याच डब्यात मी मोड आलेली अर्धा किलो मटकी भरली, झाकण गच्च दाबलं आणि गल्लीत शिरलो. कट्ट्यावर मास्तर. "आज काय आणलंस?" मी म्हणालो, "फरा, चाप." बोललो आणि कानशिलं तापली. चौथीत गणिताच्या मार्कांबद्दल बोललो होतो, त्यानंतरचं हे पहिलं धडधडीत खोटं. (तुझ्या बापाला सांगितलेली धरायची नाहीत.)

उपाशी मरत नाही, काळजी नको. आमटी, भाकरी, उसळ, उडदाचं घुटं, खर्डा, सगळं तेच आहे. बी-१२ झाडपाल्यात नसतं, त्याची गोळी घेतो. कॅल्शियमवरून सौ.नं घर डोक्यावर घेतलं होतं. मग पोरीनं दाखवलं, १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तेव्हापासून रोज आंबील. ताकाशिवाय आंबील म्हणजे शिक्षाच. मिसळ मात्र पैजेत बसते! मटकी, कट, ब्रेड. फरसाणाबद्दल पोरीला अजून काही बोललेलो नाही.

अवघड आहे ती गंगावेश. तालमीतनं येऊन आपण उभे राहायचो, समोर म्हैस पिळायची, ग्लास हातात येईतो दूध कोमट आणि वर चार बोटं फेस. तुझी फेसाची मिशी तेव्हाच खऱ्या मिशीपेक्षा जाड होती. मटण स्वप्नात येत नाही रे. तो फेस येतो.

आता खरं दुखणं. परवा तालमीची पोरं आली. आषाढ लागतोय, पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाई देवीला जाणार, वाजवायला पी-ढबाकवाला ठरलाय. "काका, गल्लीच्या जेवणाची चूल तुमचीच." आणि मी हो म्हणून बसलो. मसाला भाजीन, तांबड्याचा कट वासावरनं सांगीन. पण मिठाचं काय करू? अळणीत, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यात, मीठ बघणं तुझं काम होतं, तू पुण्याला गेलास तेव्हापासून माझ्या गळ्यात. तीनशे माणसांचं पातेलं न चाखता उतरवू? चाखलं तर पोरीला काय सांगू? नाही म्हणावं तर कारण द्यावं लागेल, आणि एकदा कारण दिलं की मास्तरच्या कट्ट्यावर माझं नाव मरेपर्यंत "पाला".

घरी चोरून पांढरा करूनही बघितला. हरभरे शिजवलेलं पाणी, आलं-लसूण, काजू, नारळाचं दूध, खसखस. हो, खसखस. तू नुसत्या तिळावर अडायचास, तेव्हाही चुकत होतास. पांढरा झाला, रस्सा झाला नाही. सौ. म्हणाली, खीर बिघडली का?

अजून एक, हे सौ.लाही बोललेलो नाही. पैज ऑगस्टात संपते. मला वाटलं होतं, भिंतीवर रेघा ओढत दिवस मोजीन. परवा पोरीनं विचारलं, किती राहिले, आणि मला सांगता आलं नाही. मी मोजायचंच विसरलो होतो. रविवारी सकाळी उठल्यावर आता कुठला पाला आला असेल हे डोक्यात येतं. माझ्या डोक्यात! आपल्या गल्लीत हे कुणाला सांगू?

तुझ्या मोतीबिंदूचं झालं का? वहिनींना नमस्कार. धाकट्याला नोकरी लागली म्हणे, फार बरं वाटलं. पेढे पाठवू नकोस, खव्याचे असतात.

जेवण आषाढातल्या दुसऱ्या शुक्रवारी आहे. आदल्या रात्री निघ, पहाटे चूल पेटायच्या आत पोच. मी पातेलं ढवळतो, मीठ तू बघ. मास्तरला सांगू, बाळ्या आलाय, मान त्याचा.

तुझाच,
दाद्या

ता. क. येताना तीळ आणू नकोस.