आरोपीचा वर्ण शीर्षकात कशासाठी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील गुन्ह्यांच्या बातम्या आपल्याकडील दैनिकांत येतात तेव्हा गोऱ्या आरोपीच्या वर्णाचा सहसा उल्लेख नसतो. तो कृष्णवर्णीय असला की वर्ण पुष्कळदा थेट शीर्षकात जातो. वृत्तसंस्थेचा मजकूर घाईने मराठीत आणताना हे होत असावे, हेतू वाईट नसावा. मात्र या सवयीमागे मोठा रक्तरंजित इतिहास आहे आणि त्यात वृत्तपत्रांचाही हात आहे, म्हणून हे पत्र.

गुलामगिरी होती तोवर अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाल्यांच्या लेखी कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे आळशी, भोळा, मालकाच्या आश्रयाने सुखात राहणारा जीव. गोरे नट तोंडाला काळे फासून रंगमंचावर त्याची टवाळी करीत. 1865 मध्ये गुलामगिरी संपली, 1870 मध्ये त्याला मताधिकार मिळाला आणि हाच भोळा माणूस पुढे गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूवर टपलेला पशू ठरवला गेला. (जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली ते 1873 साल याच दशकातले.) माणूस बदललेला नव्हता, त्याला धाकात ठेवायला आता नवे निमित्त लागत होते. दक्षिणेतील मेम्फिस शहरात 1892 साली जमावाने तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना ठार केले, त्यांचा खरा अपराध गोऱ्या वाण्याचे गिऱ्हाईक ओढणे हा होता. त्यानंतर आयडा बी. वेल्स या पत्रकार महिलेने अशा हत्यांचा छडा लावून दाखवून दिले, की अनेक प्रकरणांत बलात्काराचा साधा आरोपसुद्धा झालेला नसतो. त्याची किंमत म्हणून तिच्या वृत्तपत्राच्या कचेरीची मोडतोड झाली.

दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातील प्रकार तर प्रत्येक वृत्तसंपादकाने वाचावा असा आहे. 1906 च्या उन्हाळ्यात तिथे गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी झुंजलेल्या दोघांपैकी एक स्थानिक दैनिकाचा संपादक, तर दुसरा प्रतिस्पर्धी दैनिकाचा माजी मालक होता आणि कृष्णवर्णीयांचे मत काढून घेण्यावरून प्रचार तापला होता. 22 सप्टेंबरच्या शनिवारी सायंदैनिकांनी गोऱ्या स्त्रियांवरील कथित हल्ल्यांच्या जादा आवृत्त्या एकामागून एक काढल्या, पोरे त्या रस्त्यांवर ओरडून विकू लागली आणि रात्री जमावाने ट्रामगाड्या अडवून कृष्णवर्णीय प्रवाशांना खाली खेचले. किमान 25 कृष्णवर्णीय मारले गेले. त्या आरोपांना पुरावा नव्हता.

हे सगळे जुने झाले म्हणावे, तर 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या उद्यानात एका गोऱ्या तरुणीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात पकडलेल्या, 14 ते 16 वर्षांच्या पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांना तिथल्या वृत्तपत्रांनी लांडग्यांच्या टोळीची उपमा दिली. खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब व डीएनए चाचणी यांमुळे 2002 मध्ये पाचही जणांची शिक्षा रद्द झाली, तोवर त्यांचे तारुण्य तुरुंगात गेले होते. नोकरीच्या बाजारातही हीच प्रतिमा आडवी येते. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण अर्ज घेऊन पाठवले, तेव्हा तुरुंगवासाची नोंद असलेल्या गोऱ्यांना 17 टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले, तर कोरी पाटी असलेल्या कृष्णवर्णीयांना 14 टक्के ठिकाणांहून.

आपल्या वृत्तकक्षाने एवढे करावे: बातमीशी थेट संबंध असेल तरच आरोपीचा वर्ण छापावा, केवळ अटक झालेल्याचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र टाळावे आणि तो निर्दोष ठरल्यास तीही बातमी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्यावी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली