पांझरेच्या फडांसाठी

तीर्थरूप आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "पीएच.डी. करून पुढे काय?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

नोकरीची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य राहिलेली नाही, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते. आणि ती पदवी घेतलेले कितीतरी जण आजही माझ्यासारखेच तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. घरखर्चाला मात्र तुमच्याकडून काही लागणार नाही. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीमुळे पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतील, पुढे ४२ हजार. ते पैसे कधी कधी महिनोन्‌महिने रखडतात असे ऐकते, त्यासाठी थोडी शिल्लक मी बाजूला ठेवली आहे.

तरीही मला हे करायचे आहे, कारण विषय आपल्या पांझरा नदीच्या फडांचा, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावाने मिळून भिजवायच्या शेतांचा आहे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे, त्यामुळे कुणाला रात्री बांधावर जागावे लागत नसे, हे बाबा, तुम्हीच मला लहानपणी पाटावर बसून सांगितले होते. नदीवर धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि फड मोडत गेले. आजोबांच्या पेटीतला जो मोडी कागद घरात कुणालाच वाचता येत नव्हता, तो गेल्या दिवाळीत मी तीन दिवस खपून वाचला; पाट उपसायला कोणत्या घरातून किती माणसे यायची, याचा तो हिशेब आहे, आणि त्यात आपले घरही आहे. गावचे म्हातारे पाटकरी आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याकडून जे लिहून घ्यायचे, ते आणखी पाच वर्षांनी घेता येणार नाही, ही मला खरी घाई आहे.

आई, लग्नाविषयी आपण समोरासमोर बोलू. ते मी टाळत नाही. पण अर्जाची मुदत या महिनाअखेर आहे आणि तुम्हा दोघांच्या होकाराशिवाय मी तो भरणार नाही.

पाऊस सुरू होण्याआधी माळ्यावरची ती पेटी तेवढी खाली काढून कोरड्या जागी ठेवा.

तुमची मुलगी