पैठणच्या गंध्याला विसरू नका

रविवारच्या पुरवणीतील बौद्ध धर्माच्या आशियातील प्रसारावरचा लेख आवडला, पण एक मुद्दा खटकला. सम्राट अशोक, श्रीलंकेला गेलेले महेंद्र-संघमित्रा आणि चीनहून आलेला ह्यूएनत्संग यांच्यातच लेख संपला. हा धम्म वाटेवरच्या सामान्य माणसांनीही जगवला, त्यांचा उल्लेखही नाही.

त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणी सुमारे 2000 वर्षांपूर्वीची. पायऱ्या उतरून खाली गेलो, की तिथल्या खांबावर ब्राह्मी अक्षरे दिसतात. पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या, म्हणजे अत्तरे विकणाऱ्याच्या, कुटुंबाने दिलेले दान त्यात नोंदले आहे. मी पैठणचा. आपल्या गावचे नाव तिथे कोरलेले पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. पितळखोऱ्यातच सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव आहे. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पैठण आणि तेर ही तेव्हाची मोठी व्यापारी गावे. इथला माल भडोचच्या बंदरातून परदेशी जाई. व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटांनी जात, त्याच वाटांनी भिक्खू चालत. पावसाळ्यात त्यांना निवारा लागे, तो अशा दानांतून उभा राहिला. राजाश्रयाचे महत्त्व मी नाकारत नाही; पण घाटातल्या या लेण्यात खांबाचा खर्च एका दुकानदाराच्या कुटुंबाने उचलला होता. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात या गंध्याला चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, पैठण