शंभर मीटर आणि दहा फूट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी मतदार पक्षापायी आंधळा झाला आहे, अशा आशयाचा लेख आपल्या अंकात वाचला. 'आंधळा' हा शब्द जरा सैल हाताने वापरला गेलाय असं वाटलं, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुकीच्या ड्युट्या करूनच केस पिकले. २०२४ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर मुलीकडे पेनसिल्व्हेनियात, बेथलेहेमला होतो. (त्यात इथलं २० नोव्हेंबरचं विधानसभेचं मतदान हुकलं, ती चुटपुट आहेच.) मुलगी राहते ती नॉर्थॅम्प्टन काउंटी (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) २०१६ ला रिपब्लिकन ट्रम्प यांच्याकडे गेली, २०२० ला डेमोक्रॅट बायडेन यांच्याकडे आणि २०२४ ला परत ट्रम्प यांच्याकडे. म्हणजे हलणारे थोडेच, पण निकाल लावतात तेच. आंगणात उमेदवाराची पाटी रोवून बसलेले सगळ्यांना दिसतात. पाटी न लावणाऱ्याकडे कॅमेरा जात नाही.

पहिला धक्का मात्र घरातच बसला. ऑक्टोबरात एका रविवारी प्रचाराची पोरं दारात आली. हातातल्या फोनमध्ये बघून त्यांनी मुलीला नावानिशी बोलावलं. मागे उभ्या असलेल्या जावयाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी विचारलं तेव्हा कळलं, की तिथे मतदार नोंदणीच्या अर्जावरच पक्ष लिहायची सोय असते. मुलीने डेमोक्रॅट लिहिलंय, जावयाने कुठलाच नाही. नाव, पत्ता, पक्ष, कुठल्या कुठल्या निवडणुकीला मतदान केलं, अशी सगळी यादी राज्य सरकार २० डॉलरला देतं. मत कुणाला दिलं ते गुप्त, पण तुम्ही कुणाचे ते चव्हाट्यावर! जावयाला २३ एप्रिलच्या प्राथमिक फेरीत पक्षाचा उमेदवार निवडताही आला नाही, कारण पेनसिल्व्हेनियात ती फेरी नोंदलेल्या पक्षवाल्यांपुरतीच असते. आपल्या मतदार यादीत नावापुढे पक्षाचा रकाना छापला तर काय होईल, याची कल्पना गावात राहिलेल्या कुणालाही करता येईल.

अशाने पक्षाची जात होते. ही नुसती उपमा नाही. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं तिकडच्या अभ्यासकांनी लोकांना विचारलं. १९६० मध्ये वाईट वाटणारे शंभरात चार-पाच निघाले. २०१० मध्ये रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत तिसरा हिस्सा. सोयरिकीपर्यंत गेलेलं भांडण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही मी आंधळा म्हणणार नाही. त्याच २०२४ मध्ये ॲरिझोना, नेव्हाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला आणि त्याच दिवशी सिनेटवर डेमोक्रॅट पाठवला. नॉर्थ कॅरोलिनाने ट्रम्प यांना निवडलं आणि गव्हर्नर केलं डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना. एकाच मतपत्रिकेवर वर एक आणि खाली दुसरा, असं करायला डोळे उघडे लागतात. पेनसिल्व्हेनियात पूर्वी एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता यायचं. ती सोय २०१९ च्या कायद्याने काढून टाकली. आता प्रत्येक पदापुढे वेगळी खूण करावी लागते. मला हे फार आवडलं.

५ नोव्हेंबरला मुलीबरोबर मतदान केंद्रावर गेलो. मला मत नाही, तेव्हा मी बाहेर गाड्या लावायच्या जागेत. आपल्याकडे केंद्रापासून १०० मीटरवर फक्कीची रेघ मारायची आणि आत प्रचार बंद, हे अंगवळणी पडलेलं. तिथे ती मर्यादा १० फूट! दाराच्या दोन अंगांना दोन पक्षांच्या दोन बायका घडीच्या खुर्च्या टाकून नमुना मतपत्रिका वाटत बसलेल्या. बहुतेक लोक आपल्या बाजूचाच कागद घेत, दुसरीकडे मान वळवत नसत. एका आजोबांनी दोन्ही कागद घेतले, खिसे चाचपले आणि चष्मा आणायला गाडीकडे परत गेले.

मुलगी आतली हकीकत सांगत बाहेर आली. टेबलामागे बसलेली माणसंच निवडून आलेली असतात. एक निवडणूक न्यायाधीश आणि दोन निरीक्षक, त्यातला एक सर्वांत जास्त मतांचा, दुसरा त्याखालोखाल मतांचा. म्हणजे व्यवहारात दोन्ही पक्ष टेबलाच्या आतल्या बाजूला. मी केंद्राध्यक्ष असताना पक्षाचे प्रतिनिधी समोरच्या बाकावर असायचे. सकाळी त्यांच्यासमोर ५० मतांची चाचणी घ्यायची आणि संध्याकाळी '१७ सी'ची, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशोबाची प्रत त्यांच्या हातात द्यायची. आपण पक्षाला खुर्चीपासून लांब ठेवतो, ते दोघांनाही खुर्ची देऊन एकमेकांवर नजर ठेवायला सांगतात. केंद्रापुरतं हे मला पटलंसुद्धा.

पण वरच्या पायरीवर, राज्याच्या पातळीला, खुर्ची एकच असते आणि पचत नाही ते तिथेच. २००० मध्ये फ्लोरिडाचा निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरिन हॅरिस या अध्यक्षपदाचे उमेदवार बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्षाही होत्या. बुश यांची आघाडी ५३७ मतांची. पुढे १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने फेरमोजणी थांबवली. उलट २ जानेवारी २०२१ ला जॉर्जियाचा निकाल प्रमाणित करणारे ब्रॅड राफेन्सपर्गर यांना त्यांच्याच पक्षाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा फोन आला, ११,७८० मतं शोधायची आहेत म्हणून. तिथे बायडेन यांची आघाडी ११,७७९ होती. राफेन्सपर्गर बधले नाहीत. त्यांना माझा सलाम, पण राज्याचा निकाल एका माणसाच्या सरळपणावर टेकलेला असावा, ही कसली व्यवस्था? लेखात टीका व्हायला हवी होती ती यावर. मतदारावर नव्हे.

आणि आपण बाहेरचे तरी कुठे तटस्थ? २०१६ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर ट्रम्प यांच्यासाठी होम झाला. २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरमला कमला हॅरिस यांच्यासाठी पूजा झाली. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये 'अबकी बार ट्रम्प सरकार' ही घोषणा आपल्या पंतप्रधानांच्या तोंडून ऐकू आली. माझ्या इथल्या कट्ट्यावरही दोन तट पडले होते. त्यातल्या एकालाही अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात पेनसिल्व्हेनियाची मतं किती, हे सांगता आलं नाही. (१९.)

पुढच्या वेळी भारतीय वंशाचा कोण आला आणि कोण पडला याच्या चौकटीशेजारी, कुठल्या राज्यात निकाल कोण प्रमाणित करतो आणि त्याला तिथे कोणी बसवलं, एवढी एक चौकट द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा